रुसलेला आठ

नासलेलं दूध आणि चुकलेला हिशोब, दोन्हींचा वास मला घरात सगळ्यांच्या आधी येतो. आणि वास आला की तोंड बंद राहत नाही. माय म्हणायची, "तारे, तुझी जीभच तुला जन्मभर माहेरी बसवील." बसवलंच होतं जिभेनं. एका एकापायी माझं ठरत आलेलं लग्न मोडायला आलं होतं. एका एकापायी म्हणजे शब्दशः, १ या आकड्यापायी.

टेंभुर्णीला आमचं शेत. माझे वडील बद्रीनाथ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते शेती करतात असं गाव म्हणायचं. माय म्हणायची, शेतात असतात एवढंच. अण्णांना आकड्यांचं वेड होतं. मायनं खळं सारवून गुळगुळीत केलं की हे काडी घेऊन बसलेच. ज्वारीच्या आधी आमच्या खळ्यावर आकड्यांची रास पडायची, आणि मायला सगळं खळं पुन्हा सारवावं लागायचं.

एकदा त्यांनी एकपासून नऊपर्यंत आकडे ओळीनं लिहिले आणि पाणी प्यायला उठले. तेवढ्यात आमची तांबडी कोंबडी आली, बरोबर आठावर उभी राहिली आणि तिनं माती उकरली. अण्णा येऊन बघतात तर आठ गायब. दुसऱ्या कुणी कोंबडीला हाकलून आठ परत लिहिला असता. अण्णांनी उरलेली ओळच एक संख्या धरली, १२३४५६७९. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. तिला त्यांनी नवानं गुणलं. उत्तर आलं १११११११११. ओळीनं नऊ एक!

अण्णा ओरडत घरी आले तेव्हा मायला वाटलं, साप निघाला.

"अगं, नुसते एक! एकाशेजारी एक, एकाशेजारी एक!"

माय चुलीपुढून उठलीच नाही. "शोध लावला कोंबडीनं," ती म्हणाली, "अन् मिरवून राह्यले तुम्ही."

दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून मी सगळं स्वतः करून पाहिलं. आणि मीही अडकले. अण्णा म्हणायचे, "ही पंगत हाय बघ. एक ते नऊ जेवायला बसले अन् आठ रुसून उठून गेला. आता दोनानं गुण." गुणलं. २४६९१३५८. आठ येऊन बसला होता, पण आता सात उठून गेला होता. चारानं गुणलं तर पाच गेला. पाचानं गुणलं तर चार गेला. आठानं गुणलं तर पंगत उलटी बसली, ९८७६५४३२, आणि एक पसार. एकाला समजावून आणावं तर दुसरा उठतो. अगदी लग्नातल्या व्याह्यांसारखं. तिनानं गुणलं तर ३७०३७०३७. तिथं तर तीन, शून्य आणि सात यांनीच सगळी पंगत बळकावली होती. मला इतकं हसू आलं की हातातली काडी मोडली.

गावात आमच्या आठाची गोष्ट सगळ्यांना माहीत झाली, पण ती कुणी धड ऐकून घेतली नाही. अण्णा पारावर सांगायला लागले की माणसांना आपापल्या म्हशी आठवायच्या. पूर्ण ऐकणारा एकच भेटला.

त्याचं असं झालं. जाफराबादहून कापसाच्या गाड्या जालन्याला जिनिंगमध्ये निघाल्या होत्या. त्यातल्या एका गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, ती नेमकी आमच्या शेताच्या बांधाशी. गाडीबरोबरचा मुलगा पाणी मागायला खळ्यावर आला. त्याचं नाव मी पुढं कितीतरी वर्षं उखाण्याबाहेर घेतलं नाही, तेव्हा तशी रीत होती. आता या वयात कशाला लाजू? मुकुंद. अण्णांनी त्याला पाणी दिलं आणि लगेच आठाची गोष्ट सुरू केली. मी मनात म्हटलं, आता याला म्हैस आठवणार. पण तो उकिडवा बसला, सगळं ऐकलं, आणि तांब्या खाली ठेवून म्हणाला, "सगळे एक-एक झाले ते कळलं. पण मंग सगळे आठ कधी होतेत? ज्यो रुसला, त्याचा मान कधी?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

धाव बसली, गाडी गेली, प्रश्न राहिला. त्या संध्याकाळी मला उत्तर सापडलं. अवघड काहीच नव्हतं. नवानं एक येतात, तर नवाच्या आठपटीनं, म्हणजे बहात्तरानं, आठ येणार. गुणून पाहिलं. ८८८८८८८८८. जो एकटा रुसून गेला होता तो नऊ ठिकाणी येऊन बसला होता. उत्तर हातात आलं आणि सांगायचं ज्याला तो जाफराबादेत. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं हेही मला नीट कळलं. हा माणूस आपल्याला हवा आहे, असं त्या दिवशी मी मनाशी साफ म्हणून टाकलं.

महिन्याभरानं त्याच घरून निरोप आला. मुकुंदनंच घरात विषय काढला होता. तेव्हा मला अठरावं संपत आलं होतं, म्हणजे गावाच्या भाषेत मी चांगली घोडनवरी होते. मायनं देवापुढं साखर ठेवली. मग कळलं की मधे एक डोंगर आहे.

डोंगराचं नाव काकासाहेब. मुकुंदचे चुलते. मुकुंदचे वडील लवकर गेलेले, तेव्हा घरात यांचाच शब्द. तहसील कचेरीत पेशकार. निजामाचं राज्य, कचेरीचं सगळं काम उर्दूत. काकासाहेबांचं शिक्षणही लहानपणापासून उर्दूतच झालेलं. बोलायचे आपल्यासारखं, लिहायचे उजवीकडून डावीकडं. मराठी अक्षरं त्यांना दुरून ओळखीच्या पाहुण्यांसारखी होती. चेहरा आठवतो, नाव नाही.

आणि त्यांना नवाचं वेड होतं. नवाच्या पाढ्यात कुठलाही आकडा घ्या, अठरा, सत्तावीस, छत्तीस, त्यातले आकडे मिळवले की नऊच. "नऊ अढळ हाय," ते म्हणायचे. "अन् आठ? आठाची उतरती कळा." ते मोजून दाखवायचे. आठ एके आठ. आठ दुणे सोळा, एक अन् सहा सात. आठ त्रिक चोवीस, सहा. मग पाच, मग चार, असं उतरत उतरत आठी आठी चौसष्ट, सहा अन् चार दहा, म्हणजे एकावर येऊन आपटला. "आठ ज्या घरात शिरला त्या घराची अशी गत." या हिशोबानं त्यांनी मुकुंदसाठी पाहिलेल्या सात मुली नाकारल्या होत्या. एकीचा जन्म अष्टमीचा. एकीच्या घराला आठ पायऱ्या. एकीच्या बापानं बिचाऱ्यानं कौतुकानं सांगितलं की आपल्याकडं आठ बैल आहेत.

सात मुली झाल्या. मी आठवी.

आठवी मुलगी पाहायला यायलाच ते तयार नव्हते. मुकुंदनं जेवण सोडलं तेव्हा निघाले, पण निघताना नकार खिशात घालूनच निघाले. निरोप घेऊन येणाऱ्या रामकिसननं हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. माय कपाळावर हात मारून म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे साठ विघ्नं!"

"सतराशे साठला नवानं भाग जात न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हंजी काकासाहेबाला तेबी चालायचे न्हाईत."

मायनं त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

मुलगी पाहायला आले की पाटांपुढं मुलीनं घातलेली रांगोळी पाहायची, अशी आमच्याकडं पद्धत. बाकीच्या मुली मोर काढायच्या. मी ओसरीवर पाटांच्या पुढं आमची संख्या काढली. आकडे वीत-वीत उंच, पाहुण्यांना सुलटे दिसतील असे. त्याखाली नवाचा गुणाकार, रेघ, आणि रेघेखाली हळद-कुंकू भरून नऊ एक. अण्णांचं म्हणणं, दोन घरं एक होतात हे यातून दिसेल. माझं म्हणणं वेगळं होतं. मुकुंद पाहील आणि ओळखेल, एवढंच मला हवं होतं.

पाहुणे आले. काकासाहेब रुमी टोपी, शेरवानी, हातात काठी. पाटावर बसले, सुपारी घेतली, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नकार काढायला हात खिशाकडं निघालाच होता, तेवढ्यात रांगोळी दिसली.

"हे काय काढलंय?"

अण्णांना तेवढंच हवं होतं. त्यांनी संख्या वाचून दाखवली, आठ रुसून गेल्याचं सांगितलं. आठ गेला म्हटल्यावर काकासाहेबांचे डोळे चमकले. "शाबास! असंच पाह्यजे. मंग?"

"मंग तिला नवानं गुणलं."

"नवानं! वाह!" ते काठी टेकून पुढं वाकले आणि रेघेखालची ओळ स्वतः वाचायला लागले. त्यांचा चेहरा हळूहळू असा फुलला की आम्ही सगळे बघतच राहिलो. त्यांनी काठीच्या टोकानं एकेक आकडा मोजला आणि मांडीवर थाप मारली.

"नऊ! नऊ! नऊच्या नऊ नऊ! बद्रीनाथराव, आठाला हाकलला अन् घर नवानं भरलं. असा शगुन मी जिंदगीत पाह्यला न्हाई. आठवी तर आठवी, पोरगी बिलकुल मंजूर! साखर आणा जल्दी!"

मला क्षणभर कळेना की यांना नऊ दिसले कुठं. मग लक्षात आलं. उर्दूतला नऊ आणि आपला एक, दोघे जुळे भाऊ. वर वाटोळं डोकं, खाली शेपूट. निजामाच्या नाण्यावर तो नऊ आम्ही कितीदा पाहिला होता. काकासाहेबांनी जन्मभर जो आकडा नऊ म्हणून लिहिला, तो त्यांना माझ्या ओसरीवर ओळीनं नऊ वेळा भेटला होता.

माय साखरेची वाटी घेऊन आली. अण्णांनाही चूक कळली होती, ते छताकडं बघत होते. मुकुंद माझ्याकडं बघत होता. गप्प बसायला काय लागतं? काहीच लागत नाही. वाटी फिरली की लग्न ठरलं. मी ओठ मिटले. पदराचं टोक दातात धरलं. पण माझ्या डोळ्यासमोर सव्वा कोटीच्या आसपासची एक संख्या होती, तिला कुणी नवानं गुणलं होतं, आणि उत्तर नव्व्याण्णव कोटी म्हणून पेढ्यासारखं वाटलं जाणार होतं. आणि रोज त्या घरात या चुकीच्या शगुनाला नमस्कार करत जगायचं?

"काका," मी म्हणाले, "ते नऊ न्हाईत. एक हायेत."

मायच्या हातातली वाटी कलली.

"सवायकीचा पाढा म्हणून पाहा. सव्वा नवे सव्वाअकरा. सव्वा कोटीचे फार तर सव्वाअकरा कोटी होतील. नव्व्याण्णव कोटी कुठून येतील?"

काकासाहेबांनी चिमटीतली साखर वाटीत परत टाकली. "म्हंजी मला वाचता येत न्हाई? पंचवीस साल कचेरीत आकडे लिहून राह्यलो, अन् ही पोरगी मला नऊ शिकविती?" ते उठले, जोडा घातला आणि अंगणात लिंबाखाली उभ्या असलेल्या बैलगाडीच्या जूवर पाठ फिरवून बसले. "बैल जुंपा," म्हणाले.

"उठला," अण्णा हळूच म्हणाले. "पंगतीतून आठ उठला."

"तुमच्या आठाला आग लागो," माय म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही रडू येत होतं. जिभेचा राग येत होता आणि बोलले ते चूक होतं असंही वाटत नव्हतं, त्यामुळं धड रडताही येईना.

तेवढ्यात मुकुंद उठला. चारचौघांत मुलीशी बोलायची तेव्हा छाती नव्हती कुणाची. त्यानं ओसरीच्या खांबाशी उभं राहून, जणू खांबालाच विचारतो आहे अशा आवाजात विचारलं, "पण मंग ज्यो रुसला, त्याचा मान कधी?"

मी पण खांबालाच उत्तर दिलं, चांगलं अंगणात ऐकू जाईल असं. "बहात्तरानं गुणलं की! नऊच्या नऊ जागी आठ!"

लिंबाखालची पाठ हलली. माणूस कितीही रुसला तरी ज्याला आकड्यांची खोड आहे त्याला गुणाकार सुचवला की त्याची काठी थांबत नाही. हे मी अण्णांच्या घरात शिकले होते. काकासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि धुळीत लिहायला लागले. एका ओळीखाली दुसरी, मग बेरीज. बैल जुंपायला आलेला गडी जू धरून तसाच थांबला.

मायनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पाठीत कोपर मारलं. मी गेले. धुळीतली शेवटची ओळ पाहून मला खरंच नवल वाटलं. ओळीनं नऊ टोकदार छपरं काढली होती, खाली भिंती नाहीत, काही नाही.

"पाणी घ्या, काका. पण ही घरांची छपरं कशाला काढली?"

"छपरं?" काकासाहेब माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मग धुळीकडं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या. "छपरं न्हाईत ती, बाई! आठ हायेत आठ! उर्दूत आठ असाच काढतेत!"

मी जीभ चावली. ते इतके हसले की रुमी टोपी पडली आणि बैल बिचकले. "मला हिचा एक वाचता येईना, हिला माझा आठ वाचता येईना! बराबर झालं! बिलकुल बराबर!"

हसू ओसरल्यावर ते पुन्हा धुळीकडं बघायला लागले आणि चेहरा जरा उतरला. "पण आठच की गं हे. उतरती कळा."

"तुम्ही पाढा अर्ध्यातच सोडून देता, काका," मी म्हणाले. एवढं बोलून झालंच होतं, आता काय राखायचं? "आठी आठी चौसष्टवर थांबता. पुढं म्हणा."

"आठ नवे बहात्तर."

"सात अन् दोन?"

त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "नऊ," ते म्हणाले. अगदी हळू.

"एकटा असतो तवर उतरतो आठ. नवाच्या दारात गेला की नऊच होतो."

काकासाहेबांनी तांब्या घेतला, सगळं पाणी एका दमात प्यायले आणि तांब्या परत न देता हातात धरूनच ओसरीकडं निघाले. "बैल सोडा," म्हणाले. "अन् ती साखर कुठं गेली?"

लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "आठ गेला रुसून, नऊ बसला अडून, मुकुंदरावांचं नाव घेते बहात्तरानं गुणून." बायकांना काही कळलं नाही. पुरुषांच्या पंगतीतून एकच माणूस गडगडून हसला, काकासाहेब. त्यानंतर घरात मला तारा कुणी म्हटलंच नाही. काकासाहेबांनी 'आठवी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आठवी, चहा टाक. आठवी, ही बेरीज पाहून दे.

मराठी आकडे मात्र ते शिकले नाहीत. मी खूप मागं लागले. "ह्या वयात एक शिकून काय करू?" म्हणायचे.

पुढं आमची थोरली प्रेमला गावच्या शाळेत जायला लागली. खालच्या वर्गांना मराठी होती. परीक्षा झाली त्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाच्या पाटीवर नंबर लिहून दिला. प्रेमला धावत आली आणि पाटी आजोबांच्या मांडीवर ठेवली. पाटीवर मोठा १ होता. काकासाहेबांनी पाटी हातभर लांब धरली, डोळे पुसले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"गूळ आणा! माझी नात नववी आली!"

शेजारची झुंबरबाई ज्वारी निवडत होती. "वर्गात पोरं किती हायेत?" तिनं विचारलं.

"नऊ!" काकासाहेब छाती काढून म्हणाले.

झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं. गल्लीतली माणसं गूळ घेऊन जाताना एकमेकांकडं बघत होती. "शेवटून पहिली आली तरी वाटून राह्यले," झुंबरबाई माझ्या कानात म्हणाली, "आजा असावा तर असा."

प्रेमलाचं तोंड रडवेलं झालं. ती 'आजोबा, ते नऊ नाही,' म्हणायला लागली. माझीच मुलगी, जीभ कुठं जाणार? मुकुंद दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता, त्या दिवशी ओसरीवर बघत होता तसाच. मलाही चुकलेल्या हिशोबाचा नेहमीचा वास आला. पण ओट्यावरचा तो म्हातारा गुळाचे खडे असे वाटत होता की त्याची मला फार माया आली.

मी प्रेमलाच्या तोंडात गुळाचा मोठा खडा कोंबला. "नऊच आहे ते," मी म्हटलं. "आजोबांना विचार."